मोंढ्यातला भाव आणि मैदानावरचा भाव

परभणी, खास प्रतिनिधी

कापसाचा हंगाम ओसरू लागला की आयपीएलचा हंगाम सुरू होतो आणि परभणी, सेलू, मानवतच्या मोंढ्यांत ‘भाव’ या शब्दाला दोन अर्थ प्राप्त होतात. दुपारपर्यंत विचारला जाणारा भाव कापसाचा वा सोयाबीनचा असतो. संध्याकाळी चहाच्या टपरीवर, मोबाइल कानाला लावून, काहीशा दबक्या आवाजात विचारला जाणारा भाव मात्र सामन्याचा असतो. ‘साठ-बासष्ट’ असे उत्तर येते आणि विचारणारा मान डोलावतो. या दोन आकड्यांचा नेमका अर्थ काय, हे पैसे लावणाऱ्यांपैकीही थोड्यांनाच सांगता येईल.

अलीकडे या भावाला आणखी एका गोष्टीची जोड मिळाली आहे. सामन्यापूर्वी दोन्ही संघांची सारी आकडेवारी आता कोणालाही मोबाइलवर पाहता येते. गेल्या पाच सामन्यांचे निकाल, एकमेकांविरुद्धची कामगिरी, त्या मैदानावरील सरासरी धावसंख्या, अमुक फलंदाज तमुक गोलंदाजासमोर किती वेळा बाद झाला याचा हिशेब, असे सर्व काही. ही माहिती हाती असल्याने आपण अंदाजाने नव्हे तर अभ्यासाने पैसे लावतो, असा समज तरुणांमध्ये दृढ होत चालला आहे. वृत्तपत्रांतील सामन्याचे पूर्वावलोकनही अनेक जण याच नजरेने वाचतात. त्यामुळे या आकडेवारीतून निकाल किती कळतो आणि त्यावर भाव काय नवे सांगतो, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

आकडेवारीवरून सामन्याचा अंदाज बांधण्याचे शास्त्र सर्वाधिक विकसित झाले ते क्रिकेटमध्ये नव्हे, तर अमेरिकेतील बेसबॉलमध्ये. त्याचे मुख्य कारण साधे आहे. तेथील प्रमुख साखळीत प्रत्येक संघ एका हंगामात १६२ सामने खेळतो. बिल जेम्स या अभ्यासकाने सुचविलेले एक सूत्र तेथे सर्वपरिचित आहे. संघाने केलेल्या धावांचा वर्ग घ्यायचा आणि त्याला, केलेल्या व दिलेल्या धावांच्या वर्गांच्या बेरजेने भागायचे. ८०० धावा करून ७०० धावा देणाऱ्या संघाचे उत्तर ०.५६६ येते, म्हणजे १६२ पैकी सुमारे ९२ विजय. प्रत्यक्षातील विजयांची संख्या बहुधा याच्या आसपास राहते.

तथापि हा अंदाज हंगामाचा असतो, एका सामन्याचा नव्हे. २००१ मध्ये सिएटल मरिनर्सने ११६ सामने जिंकून विक्रमाची बरोबरी केली, तरी हा संघ अंतिम लढतीपर्यंतही पोहोचू शकला नाही. उलट २०२४ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्स १२१ सामने हरला. अलीकडच्या काळातील सर्वांत दुबळा ठरलेला हा संघही ४१ सामने, म्हणजे चारांत एक सामना, जिंकलाच. म्हणूनच तेथील जाणकार पूर्वावलोकनाची सुरुवात संघाच्या गुणतक्त्याने न करता त्या दिवशी सुरुवातीला चेंडू कोण टाकणार या प्रश्नाने करतात. हा गोलंदाज दररोज बदलतो आणि त्याच्याबरोबर संघाची ताकदही बदलते.

आयपीएलच्या साखळी फेरीत एका संघाच्या वाट्याला येतात अवघे १४ सामने. येथे गणित पाहण्यासारखे आहे. प्रत्येक सामन्यात विजयाची शक्यता नेमकी निम्मी असलेला, म्हणजे छापा-काट्याच्या बरोबरीचा संघ घेतला, तरी तो १४ पैकी नऊ किंवा अधिक सामने जिंकण्याची शक्यता शंभरात सुमारे २१ येते. दहा संघांच्या स्पर्धेत असे एक-दोन संघ केवळ योगायोगाने गुणतक्त्याच्या वरच्या भागात दिसू शकतात. याच प्रमाणातील यश १६२ सामन्यांत निव्वळ योगायोगाने मिळणे हजारात एकदाही घडणार नाही. ‘गेल्या पाचपैकी चार सामने जिंकलेला संघ’ हे वाक्य ऐकायला भारदस्त वाटते. पण पाच सामन्यांवरून संघाची ताकद ठरविणे म्हणजे पाच बोंडे हातात घेऊन साऱ्या शिवाराचा उतारा सांगण्यासारखे आहे.

अहमदाबादचा धडा

आकडेवारी काय लपविते, याचे उदाहरण देशातील प्रत्येक घराला ठाऊक आहे. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी अहमदाबाद येथे झालेल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापूर्वी भारताने दहापैकी दहा सामने जिंकले होते. श्रीलंकेला ५५, तर दक्षिण आफ्रिकेला ८३ धावांत गुंडाळले होते. साखळीअखेर भारताची निव्वळ धावगती अधिक २.५७० होती, ऑस्ट्रेलियाची अधिक ०.८४१. चेन्नईच्या साखळी सामन्यात भारताने ऑस्ट्रेलियाला १९९ धावांत बाद करून सहा गडी राखून नमविले होते. कोणताही तक्ता काढला तरी कौल भारताच्याच बाजूने होता आणि भावही तेच सांगत होता.

त्या तक्त्यांत दोन गोष्टी दिसत नव्हत्या. पहिली म्हणजे निव्वळ धावगतीत एक-दोन एकतर्फी विजयांचे वजन अवाजवी वाढते. प्रतिस्पर्धी ५५ धावांत आटोपला म्हणून पुढच्या सामन्यात त्यातील एकही धाव कामी येत नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. चेन्नईत हरलेला ऑस्ट्रेलियाचा संघ आणि अहमदाबादेत उतरलेला संघ एक नव्हता. हाताच्या दुखापतीमुळे ट्रॅव्हिस हेड स्पर्धेच्या पूर्वार्धात खेळलाच नाही. २८ ऑक्टोबरला न्यूझीलंडविरुद्ध तो परतला आणि पहिल्याच डावात त्याने १०९ धावा केल्या. सुरुवातीचे दोन सामने गमावल्यानंतर ऑस्ट्रेलियाने सलग आठ विजय मिळवून अंतिम फेरी गाठली होती. सरासरी काढताना मात्र आधीचा आणि नंतरचा संघ एकाच रकान्यात मिसळला गेला.

पुढचा इतिहास सांगण्याची गरज नाही. कमिन्सने नाणेफेक जिंकून क्षेत्ररक्षण स्वीकारले, संथ खेळपट्टीवर भारत २४० धावांत आटोपला, रात्री फलंदाजी सोपी झाली आणि हेडच्या १३७ धावांच्या जोरावर ऑस्ट्रेलियाने ४३ षटकांत सहा गडी राखून विजय मिळविला. आकडेवारी खोटी नव्हती. शंभरात ६५ किंवा ७० वेळा भारत जिंकेल, असे म्हणणे त्या सकाळी चुकीचे ठरले नसते. उरलेल्या ३० किंवा ३५ वेळांपैकी ती एक वेळ होती, इतकेच. मात्र सामना एकदाच खेळला जातो आणि पैसे लावणारा ‘७०’ हा आकडा ‘नक्की’ असा वाचतो.

साठ-बासष्टचा अर्थ

आता भावाकडे वळू. सट्टेबाजारात भाव पसंतीच्या संघाचा सांगितला जातो. ‘साठ-बासष्ट’ म्हणजे त्या संघावर एक रुपया लावल्यास जिंकल्यावर साठ पैसे मिळतील, ही झाली लगाई. त्या संघाच्या विरोधात जाणाऱ्याने बासष्ट पैसे लावल्यास त्याला एक रुपया मिळेल, ही खाई. याचे शक्यतेत रूपांतर केले, तर पसंतीच्या संघाला ६२.५ टक्के आणि दुसऱ्याला सुमारे ३८.३ टक्के संधी दिलेली दिसते. दोहोंची बेरीज शंभराच्या किंचित वर जाते. तो वरचा भाग बुकीचा. अमेरिकेत हाच भाव वेगळ्या रीतीने लिहितात. एका संघापुढे उणे १५०, दुसऱ्यापुढे अधिक १३०, म्हणजे पहिल्यावर १०० डॉलर कमावण्यासाठी १५० लावायचे आणि दुसऱ्यावर १०० लावून १३० कमवायचे. या शक्यतांची बेरीज १०३.५ टक्के होते.

म्हणजे साठ पैशांच्या भावाने लावणाऱ्याला नफ्यात राहण्यासाठी शंभरातील ६२ हून अधिक वेळा बरोबर ठरावे लागते. मोबाइलवर दिसणारी आकडेवारी त्या भावात आधीच मुरलेली असते. ती पाहून बुकीवर मात करू पाहणारा ग्राहक वस्तुतः बुकीचीच माहिती त्याच्याकडून अधिक दराने विकत घेत असतो. शिवाय भाव म्हणजे भविष्यकथन नव्हे. एका बाजूला पैसा जास्त येऊ लागला की आपले खाते समतोल राखण्यासाठी बुकी भाव हलवितो. लोकप्रिय संघाचा भाव त्याच्या ताकदीपेक्षा त्याच्या चाहत्यांची संख्याच अधिक सांगतो.

आणि भाव चुकतोही. १९८३ च्या विश्वचषकापूर्वी इंग्लंडमधील बुकींनी भारताला ६६ ला १ असा भाव दिला होता. १९८१ मध्ये हेडिंग्ले कसोटीत फॉलोऑन मिळालेल्या इंग्लंडचा भाव ५०० ला १ झाला, तेव्हा लिली आणि मार्श या ऑस्ट्रेलियाच्याच खेळाडूंनी त्यावर अनुक्रमे दहा आणि पाच पौंड लावले. इंग्लंड १८ धावांनी जिंकले आणि दोघांना पैसे मिळाले. आज असे केल्यास कारकीर्द संपुष्टात येईल. असे किस्से टपरीवर नेहमी सांगितले जातात. तसल्या भावावर लावून हरलेल्यांची गणती कोणी ठेवत नाही.

बुकीचा वाटा एक-दोन टक्क्यांचा, मग माणसे कर्जात कशी बुडतात, असा प्रश्न येथे रास्त आहे. त्याचे उत्तर भावात नसून लावण्याच्या रीतीत आहे. हरलेली रक्कम भरून काढण्यासाठी पुढच्या सामन्यावर दुप्पट लावायचे, ही सार्वत्रिक सवय. एक हजारापासून सुरुवात केली तर सलग पाच पराभवांनंतर गेलेली रक्कम ३१ हजार होते आणि सहावा डाव ३२ हजारांचा येतो. २०२२ ते २०२५ या हंगामांत आयपीएलचे प्रत्येकी ७४ सामने ठेवण्यात आले. निम्म्या शक्यतेचा प्रत्येक सामना लावणाऱ्यावर अशा एका हंगामात कधी ना कधी सलग पाच पराभवांची वेळ येण्याची शक्यता शंभरात सुमारे ७० निघते. म्हणजे ते दुर्दैव नव्हे, जवळपास ठरलेली गोष्ट आहे. त्यात सेशनच्या पैजांची भर पडते. सहा षटकांत ४८-५० असा आकडा सांगितला जातो. पन्नास होतील म्हणणारा आणि अठ्ठेचाळीसही होणार नाहीत म्हणणारा, असे दोघेही ४९ धावा झाल्या तर हरतात.

कापूस पिकविणाऱ्या जिल्ह्याला या व्यवहाराचे एक जुने नाते ठाऊक असायला हवे. मुंबईतील आकड्याचा जुगार मुळात न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून तारेने येणाऱ्या उघडत्या आणि बंद होत्या दरांवर चाले. ते दर येणे थांबल्यावर १९६० च्या दशकात मडक्यातून चिठ्ठ्या काढण्याची पद्धत आली आणि ‘मटका’ हे नाव रूढ झाले. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द मात्र टिकले. कापसाच्या वायद्यामागे निदान गाठी असतात. दर पडण्याची भीती असलेला जिनिंगवाला त्या वायद्याने आपला माल सुरक्षित करू शकतो. सामन्याच्या भावामागे असा कोणताही माल नाही.

कायद्याची स्थिती दीर्घकाळ विसंगत राहिली. पुणे आणि मुंबईच्या शर्यतींत घोड्यावर अधिकृतपणे पैसे लावता येतात, कारण १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अश्वशर्यतीला कौशल्याचा खेळ मानले. परभणीत क्रिकेटवर तेच करणारा मात्र १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली पकडला जातो. २०१३ च्या आयपीएल प्रकरणानंतर नेमलेल्या लोढा समितीने २०१६ मध्ये सट्टा कायदेशीर करण्याची शिफारस केली. विधी आयोगानेही २०१८ मध्ये, रोखता येत नसेल तर नियमन करावे, असे सुचविले. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये नेमका उलटा मार्ग धरला. पैसे लावून खेळले जाणारे सर्व ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंद करणारा कायदा मंजूर झाला. चालविणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. त्यानंतर पैशांच्या स्पर्धा चालविणाऱ्या मोठ्या भारतीय कंपन्यांनी त्या थांबविल्या. कायद्याला न्यायालयात आव्हानही देण्यात आले.

परवानगी दिल्याने प्रश्न सुटतो, असे समजणाऱ्यांनी पुन्हा बेसबॉलकडे पाहावे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये राज्यांना सट्ट्याची मुभा दिली. नोव्हेंबर २०२५ मध्ये क्लीव्हलँड संघाच्या दोन गोलंदाजांवर ठरवून विशिष्ट चेंडू टाकल्याचे आरोपपत्र दाखल झाले. दोघांनी आरोप नाकारले आहेत. त्याच सुमारास एकेका चेंडूवरील पैजेला २०० डॉलरची मर्यादा घालण्यात आली. स्पॉट फिक्सिंग हा शब्द भारतीय वाचकाला समजावून सांगावा लागत नाही. मात्र तेथे व्यवहाराची नोंद असते, त्यामुळे संशयास्पद पैजा शोधता येतात. टपरीवरच्या फोनची नोंद कोठेच नसते.

आयपीएल सुरू असताना जिल्ह्याजिल्ह्यांतून पोलिसांची प्रसिद्धीपत्रके येतात. त्यांत मोबाइल संच, रोख रक्कम, लॅपटॉप आणि आरोपींची संख्या दिलेली असते. पैसे लावणाऱ्यांकडे किती थकबाकी राहिली आणि ती आता कोण, कशी वसूल करणार, याचा उल्लेख त्या पत्रकांत नसतो.