अण्णांचा प्रपंच

शिक्षकाचें चरित्र लिहिणारे बहुधा शाळेच्या दारापाशींच थांबतात. गुरुजी वर्गांत कसे होते हें ते सांगतात. पण महिन्याअखेरीस त्यांच्या घरच्या डब्यांत पीठ किती उरत असे, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घराण्यांत एखादा तरी मास्तर होऊन गेला असेल. आम्ही काय म्हणतों तें त्यांना लगेच उमजेल. म्हणून महर्षि धोंडो केशव कर्वे यांचें स्मरण करितांना त्यांच्या विद्यापीठाची कथा थोडक्यांत आटपून या वेळीं त्यांच्या प्रपंचाकडे पाहावें, असें आम्हीं योजिलें आहे.

अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजीं शेरवली येथें आजोळीं झाला. घर दापोली तालुक्यांतील मुरूडचें. आमच्या घिवलीसारखेंच तें समुद्रकांठचें गांव, आणि अशा गांवाहून शिकावयास निघणें म्हणजे त्या काळीं खरोखरच पाय झिजविणें होतें. सहाव्या इयत्तेच्या सरकारी परीक्षेसाठीं सतरा वर्षांचे अण्णा सोबत्यांबरोबर घाट तुडवीत शंभराहून अधिक मैल चालून साताऱ्यास गेले, आणि वयानें लहान दिसतो म्हणून त्यांस परीक्षेला बसूं दिलें नाहीं! दुसऱ्या कोणाचें शिक्षण तेथेंच संपलें असतें. अण्णा १८८४ सालीं मुंबईस गणित घेऊन बी. ए. झाले.

मुंबईंत शाळा आणि शिकवण्या यांवर संसार चालला होता. १८९१ सालीं पत्नी राधाबाई वारल्या. मुलगा रघुनाथ तेव्हां नऊ वर्षांचा. त्याच वर्षीं गोपाळराव गोखले यांच्या आग्रहावरून अण्णा फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकविण्यास पुण्यास आले. १८९० सालीं लोकमान्य टिळकांनीं डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडल्यामुळें ती जागा रिकामी झाली होती. पुढें १९१४ पर्यंत ते तेथेंच शिकवीत राहिले.

विधुर पुरुषास त्या काळीं कुमारिका मिळण्यास अडचण नव्हती. अण्णांनीं मात्र मित्र नरहरपंत जोशी यांची विधवा बहीण गोदूबाई हिच्याशीं ११ मार्च १८९३ रोजीं पुण्यास विवाह केला. ही बाई पंडिता रमाबाईंच्या शारदासदनांत शिकलेली. पुढें सर्व जण तिला बाया म्हणूं लागले. मुरूडकरांनीं बहिष्कार घातला, तो एकट्या अण्णांवर नव्हे. अण्णांना घरांत घेतलें तर थोरल्या भावासही वाळींत टाकावयाचें, असें ठरलें. एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या वाचकांस या शिक्षेची धार निराळी समजावून सांगण्याची गरज नाहीं. पुरुषानें तत्त्व पाळावें आणि त्याचा दंड आईनें व भावजयीनें भरावा! या गोष्टीचा विचार सुधारणेच्या इतिहासांत फारसा होत नाहीं, हें आम्हांस नेहमींच खटकतें.

१८९६ सालीं अण्णांनीं अनाथबालिकाश्रम काढला आणि १९०० मध्यें पुण्याबाहेर हिंगण्यास, रावबहादुर गोविंद गणेश गोखले यांनीं दिलेल्या जागेवर, झोंपडींत तो नेला. दिवसा कॉलेजांत गणित आणि सायंकाळीं हिंगण्याची पायवाट. पावसाळ्यांत तीही चिखलाची. येथेंच प्रपंचाचें खरें अवघड गणित सुरू होतें. आश्रमांत आपल्या विधवा मुली पाठविणाऱ्या लोकांस पुनर्विवाहाचें भय वाटे. पुनर्विवाहित बाया आश्रमांत दिसल्यास ते बिथरतील, म्हणून प्रारंभीं अण्णा रात्रीं हिंगण्यास आणि बाया मुलांना घेऊन पुण्यांत, असा संसार चालला. ज्या विवाहासाठीं गांव सोडलें, त्याच विवाहाची पत्नी ज्या संस्थेसाठीं दूर ठेवावी लागली, ती संस्था विधवांसाठींच होती. अण्णांनीं विधवाविवाहाच्या मंडळीचें कामही याच कारणासाठीं सोडलें.

पैशाचीही तीच तऱ्हा. आपली ५,००० रुपयांची विम्याची पॉलिसी अण्णांनीं आश्रमास देऊन टाकली. बायांना हें रुचलें नाहीं आणि त्यांनीं तें मुकाट्यानें सोसलेंही नाहीं. तुमच्यामागें मुलांचें काय, हा त्यांचा प्रश्न कोणत्याही गृहिणीचा प्रश्न होय. आम्हांस विचाराल तर या भांडणांत आम्ही बायांच्या बाजूनें उभे राहूं. आम्हींही आयुष्य मास्तरकींत घालविलें आहे. देणगीची पावती घेऊन वाण्याकडे जातां येत नाहीं, हें आम्हांस पक्कें ठाऊक आहे. अण्णांच्या बाजूनें एवढें म्हणतां येईल कीं, घराचा योगक्षेम त्यांनीं पत्नीपासून लपविला नाहीं, आणि तिला दुबळी मानून घरांत कोंडलें नाहीं. नागपुरास जाऊन बायांनीं सुइणीचें शिक्षण घेतलें. आपल्या पायांवर उभें राहण्याची तयारी ठेवली. बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले, त्याही विधवाच. त्या हिंगण्यास शिक्षिका झाल्या आणि आश्रमासाठीं देशोदेशीं वर्गणी गोळा करीत हिंडल्या. सासर-माहेर दोन्हीं या कार्यांत ओढलें गेलें, असें क्वचितच घडतें.

मुलांनीं बापाची नक्कल केली नाहीं. आम्हांस हेंच विशेष वाटतें. रघुनाथ बापाप्रमाणें गणिताचे प्राध्यापक झाले, पण संततिनियमनाच्या प्रचारापायीं १९२५ सालीं त्यांना नोकरी सोडावी लागली. पुढें ‘समाजस्वास्थ्य’ मासिक त्यांनीं १९२७ पासून १९५३ मध्यें मृत्यु येईपर्यंत चालविलें. शंकर डॉक्टर होऊन आफ्रिकेंत गेले. दिनकर फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. त्यांच्या पत्नी इरावतीबाई यांना कोण ओळखत नाहीं? भास्कर हिंगण्याच्या संस्थेंतच राहिले. धाक दाखवून वाढविलेल्या मुलांच्या वाटा इतक्या वेगवेगळ्या फुटत नाहींत.

१९१६ सालीं अवघ्या पांच विद्यार्थिनींवर सुरू झालेलें महिला विद्यापीठ, १९२० मधील सर विठ्ठलदास ठाकरसी यांची पंधरा लाखांची देणगी, १९५८ मधील ‘भारतरत्न’, हें सारें पाठ्यपुस्तकांत आहे. अण्णा ९ नोव्हेंबर १९६२ रोजीं, वयाच्या एकशेंपांचव्या वर्षीं, वारले.

बाया त्यांच्या बारा वर्षें आधीं, १९५० सालीं, गेल्या होत्या. त्यांनीं सांगितलेल्या आठवणी धाकट्या सूनबाई कावेरीबाई यांनीं ‘माझे पुराण’ या नांवानें संपादिल्या. अण्णांचें ‘आत्मवृत्त’ पुष्कळ घरांतून असतें. त्याच्या शेजारीं हें दुसरें पुस्तक ठेवावें, आणि सासवा-सुनांनीं तें दुपारच्या निवांत वेळीं मोठ्यानें वाचावें. पुरुषांनीं ऐकावयास बसण्यास हरकत नाहीं.