पैसे पाठवण्याआधी नोंद वाचा



दिवाळी जवळ आली की गावाकडे पैसे पाठवण्याच्या आणि गुंतवणुकीच्या गोष्टी आपल्या घराघरांत सुरू होतात. यंदा अमेरिकेतल्या आपल्या मंडळाच्या सभासदांच्या बोलण्यात एक नाव पुन्हा पुन्हा येत आहे: सुरत जिल्ह्यातले पलसाणा. आपल्यातली बरीच कुटुंबे मूळची खानदेशातली. नंदुरबार, धुळे, जळगावकडून सुरत-भुसावळ मार्गाच्या गाडीने गेलेल्या आपल्या भाऊबंदांनी उधना, लिंबायत, पांडेसरा भागांत संसार मांडले. कापडधंदा शहराबाहेर पसरत गेला, तशी कडोदरा आणि पलसाण्याकडची वस्तीही वाढली. आज कुणाला तिथे शेड घ्यायची आहे, कुणाच्या मेहुण्याला लूम टाकायला भांडवल हवे आहे, तर कुणाचा चुलतभाऊ डाइंग मिलमध्ये आहे आणि त्याचा पगार थकला आहे.

या सगळ्यांचा प्रश्न एकच असतो. समोरची पार्टी बुडीत निघाली आहे का, हे आपल्याला आधी कसे कळणार? ते बऱ्याच अंशी कळू शकते, आणि इथे अमेरिकेत बसून कळू शकते. दिवाळखोरीच्या नोंदी कायद्यानेच लोकांसाठी खुल्या ठेवल्या आहेत. त्या पाहायची सवय मात्र आपल्याला नाही, आणि ती लागावी म्हणून हे संपादकीय.

उदाहरण पलसाण्याचेच घेऊ. या तालुक्यातल्या वरेली गावाचे नाव आपल्या आई-मावशांना ‘गार्डन वरेली’च्या साड्यांमुळे ठाऊक आहे. गार्डन सिल्क मिल्सचे वरेली आणि जोळवा हे दोन्ही कारखाने याच तालुक्यात. जून २०२० मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या अहमदाबाद खंडपीठापुढे या कंपनीची नादारीची प्रक्रिया सुरू झाली. २०२१ च्या सुरुवातीला ती कंपनी द चॅटर्जी ग्रुपच्या एमसीपीआयकडे सोपवणारी योजना मंजूर झाली. यातून दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. नादारीची प्रक्रिया सुरू होणे म्हणजे कारखान्याला कायमचे टाळे लागणे असे नाही. नव्या मालकाच्या हाती धंदा पुढे चालू शकतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ही प्रक्रिया ज्या दिवसांत सुरू झाली, त्या दिवसांत लॉकडाउनमुळे सुरत परिसरातले असंख्य कामगार आपापल्या गावी परतले होते. अशा वेळी सुरतेच्या वर्तमानपत्रातली नोटीस गावी बसलेल्या माणसाच्या नजरेला पडणे अवघड. संकेतस्थळावरची नोंद मात्र शिरपूरहूनही दिसते आणि शिकागोहूनही.

नोटीस वेळेत दिसण्याचे एवढे महत्त्व का, तेही सांगतो. नादारी आणि दिवाळखोरी संहिता २०१६ साली आली. तिच्याखाली कंपनीविरुद्धचा अर्ज दाखल करून घेतला गेला की न्यायाधिकरण नादारीचे काम पाहणारा एक हंगामी व्यावसायिक नेमते. त्याने नेमणुकीपासून तीन दिवसांत जाहीर सूचना काढायची असते: एका इंग्रजी आणि एका प्रादेशिक भाषेतल्या वर्तमानपत्रात, तसेच भारतीय नादारी आणि दिवाळखोरी मंडळाच्या, म्हणजे आयबीबीआयच्या संकेतस्थळावर. ज्यांचे पैसे अडकले आहेत त्यांना दावा लावायला साधारण १४ दिवसांची मुदत मिळते. उशिरा दावा करण्याची काही मुभा नियमांत आहे, पण तिच्यावर विसंबून राहू नये. योजना एकदा मंजूर झाली की तिच्यात नसलेले जुने दावे संपतात, असा स्पष्ट निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये दिला आहे. येणे खरे होते, कागद पक्के होते, पण नोटीस पाहिली नाही, एवढ्यावरून हक्काचा पैसा जाऊ शकतो.

आता शोध कसा घ्यायचा ते पाहू. इथे अमेरिकेत कंपनी असो की व्यक्ती, दिवाळखोरीचे प्रकरण संघराज्याच्या न्यायालयातच चालते आणि ‘पेसर’ या एकाच व्यवस्थेत, पानाला दहा सेंट भरून, वाचता येते. भारतात असे एकच दार नाही. म्हणून समोरची पार्टी कंपनी आहे, भागीदारी आहे की एकट्याचा धंदा, हे सर्वांत आधी विचारा. पुढची वाट त्यावर ठरते.

कंपनी असेल तर तिचा नोंदणी क्रमांक, म्हणजे सीआयएन, मागून घ्या. कंपन्यांची नावे बदलतात, एकसारखीही असतात. क्रमांकाने घोटाळा टळतो. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर ‘मास्टर डेटा’ विनामूल्य पाहता येतो. कंपनी चालू आहे, नादारीच्या प्रक्रियेत आहे, अवसायनात आहे की नोंदवहीतून काढून टाकली आहे, हे तिथे दिसते. कोणत्या बँकेचा किती बोजा आहे, तेही दिसते. मग आयबीबीआयच्या संकेतस्थळावर ‘पब्लिक अनाउन्समेंट’ या भागात कंपनीचे नाव टाका. प्रक्रिया सुरू झाली असेल तर सूचनेत हंगामी व्यावसायिकाचे नाव, पत्ता आणि दाव्याची शेवटची तारीख मिळेल. तिथे काही सापडले नाही तरी थांबू नका. अर्ज केलेला आहे पण अजून दाखल करून घेतलेला नाही, अशी प्रकरणे आयबीबीआयकडे दिसत नाहीत. ती न्यायाधिकरणाच्या संकेतस्थळावर शोधावी लागतात, आणि पलसाण्यासाठी खंडपीठ अहमदाबादचे निवडायचे.

भागीदारी किंवा एकट्याच्या मालकीचा धंदा असेल तर वाट वेगळी. सुरतेत अशाच पेढ्या भरपूर आहेत, म्हणून हा भाग नीट वाचावा. २०१६ च्या संहितेतली व्यक्तींसाठीची तरतूद आजवर फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना लागू झाली आहे, तीही १ डिसेंबर २०१९ पासून. बाकीच्यांना मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या शहरांत १९०९ चा नादारी कायदा, तर इतरत्र १९२० चा प्रांतिक नादारी कायदा लागू आहे. या १९२० च्या कायद्यात नादारीचा अर्ज करण्यासाठी कर्जाची किमान रक्कम अजून ५०० रुपये आहे! पलसाण्याच्या माणसाचे असे प्रकरण सुरत जिल्ह्याच्या न्यायालयात चालेल. ते ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर राज्य, जिल्हा आणि न्यायालय निवडून, पक्षकाराच्या नावाने शोधता येते. नाव इंग्रजीत दोन-तीन तऱ्हांनी लिहून पाहा, आणि चालू व निकाली अशा दोन्ही याद्या बघा.

तरीही सुरतेच्या बाजारात जे सर्वाधिक घडते त्याची नोंद यांपैकी कुठेच नसते. उधारीवर माल उचलायचा, दुकानाला कुलूप लावायचे आणि निघून जायचे. बाजारात म्हणतात, पार्टी उठली. अशा वेळी ना अर्ज होतो, ना आदेश निघतो. म्हणून जीएसटीच्या संकेतस्थळावर त्या पेढीचा क्रमांक टाकून नोंदणी चालू आहे की रद्द झाली, विवरणपत्रे वेळेवर भरली जात आहेत का, हे जरूर पाहा. विवरणपत्रे अचानक थांबली असतील, तर पैसे पाठवण्याआधी कारण विचारा. बँकांनी ज्यांच्यावर मोठ्या थकबाकीचे दावे लावले आहेत, त्यांची यादी सिबिल या पतमाहिती कंपनीच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते.

शेड किंवा जमीन घेत असाल तर माणसाइतकीच मालमत्तेची नोंद महत्त्वाची. गुजरातचा सातबारा आणि फेरफाराच्या नोंदी ‘एनीआरओआर’ या सरकारी संकेतस्थळावर आहेत. गुजराती वाचता येणारा नातेवाईक शेजारी बसवा आणि बोजाची नोंद शोधा. ‘सरसाई’ या केंद्रीय नोंदवहीत किरकोळ शुल्क भरून मालमत्ता कुठे तारण आहे का ते कळते. बँकेने २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ताबा घेतला असेल, तर त्याची सूचना दोन वर्तमानपत्रांत येते आणि त्यातले एक स्थानिक भाषेतले असते. भूखंड जीआयडीसीचा, म्हणजे गुजरात औद्योगिक विकास महामंडळाचा असेल तर तो भाडेपट्ट्यावर असतो, आणि हस्तांतराला महामंडळाची परवानगी लागते. शेतजमीन तर अनिवासी भारतीयांना विकतच घेता येत नाही, मग मध्यस्थ काहीही सांगो.

ज्यांची माणसे तिथल्या गिरण्यांत राबतात त्यांच्याशी आम्हाला विशेष बोलायचे आहे. कंपनीविरुद्ध नादारीची प्रक्रिया सुरू करायला थकबाकी किमान एक कोटी रुपयांची लागते. मार्च २०२० पर्यंत ही मर्यादा एक लाख होती. पगार थकलेला एकटा कामगार त्यामुळे अर्ज करू शकत नाही. पण प्रक्रिया दुसऱ्या कुणी सुरू केली असेल तर तो दावा नक्की लावू शकतो, आणि त्यासाठी ‘फॉर्म डी’ आहे. नेमणुकीचे पत्र, पगारचिठ्ठी, बँकेतल्या पगाराच्या नोंदी, जे हाती असेल ते जोडायचे. कंपनी अवसायनात गेली तर कामगारांचे आधीच्या २४ महिन्यांचे देणे, प्रक्रियेचा खर्च भागल्यावर, तारणधारक बँकांच्या बरोबरीने मोजले जाते. भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीच्या निधीतली रक्कम तर वाटपाच्या मालमत्तेत धरलीच जात नाही. हे हक्क कायद्याने दिले आहेत. बारा तास मशीनपुढे उभा राहणारा माणूस संकेतस्थळे धुंडाळत बसू शकत नाही. आपण त्याच्यासाठी हे करू शकतो आणि करायला हवे.

शोध घेताना माणुसकी सोडू नये, हेही तितक्याच आग्रहाने सांगायचे आहे. सुरत परिसरात एकाच नावाचे अनेक पाटील आणि अनेक पटेल सापडतील. वडिलांचे नाव, पत्ता, पेढीचे नाव जुळल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. अर्ज दाखल होणे म्हणजे दोष सिद्ध होणे नव्हे. नोटाबंदी, जीएसटी आणि कोविड असे तीन धक्के या कापडबाजाराने पाच वर्षांच्या आत सोसले. त्यात प्रामाणिक माणसेही कोलमडली. कर्जात बुडालेल्याला पुन्हा उभे राहता यावे, हाही या कायद्यांचा हेतू आहे. म्हणून सापडलेल्या नोंदीचे फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका. नोंद आपल्या निर्णयासाठी वाचायची असते, कुणाची अब्रू चव्हाट्यावर मांडण्यासाठी नव्हे.

नात्यात कागद मागायचा संकोच वाटतो, हे आम्ही जाणतो. पण “दाजी, कंपनीचा नंबर पाठवा, कागद पाहून लगेच कळवतो,” एवढे म्हटल्याने कुणाचा अपमान होत नाही. उलट व्यवहार पहिल्या दिवसापासून स्वच्छ राहतो आणि नातेही टिकते. पैसा बुडाल्यावर तुटलेली भावंडे पुन्हा एकत्र आणणे फार कठीण असते.

मंडळाने यासाठी एक काम हाती घ्यायचे ठरवले आहे. आपल्या सभासदांतले लेखापाल आणि वकील दिवाळीनंतर एका रविवारी ऑनलाइन बसतील आणि ही सगळी संकेतस्थळे प्रत्यक्ष उघडून दाखवतील. गावाकडच्या नातेवाइकांनाही त्यात घ्या, विशेषतः गिरणीत काम करणाऱ्यांना. हे मार्गदर्शन असेल, कायदेशीर सल्ला नव्हे. दावा लावताना किंवा खरेदीखत करताना सुरतेतला जाणकार वकील गाठावाच लागेल. तोवर एवढे करा. ज्या पार्टीला पैसे देणार आहात तिचा क्रमांक आजच मागा. आणि ज्याचा पगार थकला आहे त्या भावाला फोन करून कंपनीचे पूर्ण नाव विचारा, दाव्याची तारीख निघून गेलेली नाही ना, ते आज रात्रीच पाहा.

दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छांसह,

आपले स्नेहांकित,
संपादक मंडळ