उचलताना आणि ठेवताना



पाच समित्यांची नावे पाठशाळेत जाणाऱ्या मुलांनाही पाठ असतात : ईर्या, भाषा, एषणा, आदाननिक्षेपण आणि उत्सर्ग. वस्तू उचलताना आणि ठेवताना आधी नीट पाहावे, हळुवार झाडावे आणि मगच हात लावावा, हा चौथ्या समितीचा साधा अर्थ. दिगंबर मुनी पिच्छीने आणि श्वेतांबर साधू-साध्वी रजोहरणाने हे दिवसातून कितीदा तरी करतात. आपण ते पाहतो, वंदन करतो आणि दुकानात येऊन हाताला लागेल ती वस्तू खस्सकन ओढतो. हा नियम मुनींचा आहे, आपल्याला तो लागू नाही, अशी माझीही समजूत होती. गेल्या वर्षी मार्च महिन्यात दुकानातील एका काळ्या पेटीने ती दूर केली.

ती पेटी म्हणजे लॅपटॉपचे डॉकिंग स्टेशन. आमचे सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे अडत दुकान आहे. पूर्वी दुकानात एक संगणक होता आणि घरी दुसरा. दोन्हींतील हिशेब जुळवण्यात वेळ जाई. पुतण्याने सुचवले, "काका, एकच लॅपटॉप घेऊ. दुकानात आला की डॉकला जोडायचा, घरी जाताना सोडवायचा." मॉनिटर, कीबोर्ड, माऊस, प्रिंटर, इंटरनेटची वायर आणि बाहेरची हार्ड डिस्क या सगळ्या वस्तू त्या पेटीला कायमच्या जोडलेल्या. पेटीतून निघणारी एकच केबल लॅपटॉपला लावली की सारा पसारा जागा होतो आणि त्याच केबलमधून लॅपटॉपला वीजही मिळते. माझ्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, हे समजावताना पुतण्या म्हणाला, "आजोबा, मुंबईची गोदी असते ना, तशी ही लॅपटॉपची गोदी." अण्णा म्हणाले, "मग दोर सोडल्याशिवाय जहाज हलवू नका." आम्ही हसलो आणि विसरून गेलो.

हळदीचा हंगाम भरात होता. त्या दिवशी सौदे लांबले, तोलाई लांबली. शेतकऱ्यांच्या पट्ट्या संगणकात भरता भरता सव्वासहा वाजले. रात्रिभोजनत्यागाचा माझा नियम आहे. सूर्यास्ताला अर्धा तास राहिला होता आणि घर गाठायचे होते. हिशेबाची सर्व माहिती आम्ही डॉकला जोडलेल्या हार्ड डिस्कवरच ठेवत असू आणि त्या क्षणी शेवटच्या नोंदी तिच्यावर लिहिल्या जात होत्या. मी ते पाहिले नाही. उभ्या उभ्या केबल ओढली, लॅपटॉप पिशवीत घातला आणि निघालो. जेवण वेळेत झाले. नियम पाळल्याचे समाधानही वाटले.

दुसऱ्या दिवशी हिशेबाचा सांगाडा उघडेना. जाणकाराला दाखवले. लिहिणे अर्धवट असताना डिस्क तुटल्यामुळे माहिती बिघडली होती. शेवटची सुरक्षित प्रत अकरा दिवसांपूर्वीची होती. ऐन हंगामातील अकरा दिवस आणि त्यांतील प्रत्येक नोंदीमागे कुणाचे तरी वर्षाचे पीक!

आम्ही तोलाईच्या चिठ्ठ्या काढून बसलो. मुनीम, पुतण्या आणि मी, दोन दिवस आणि दोन रात्री. सगळे जुळत आले, पण एका दिवशी हमालांच्या वहीतील पोत्यांची बेरीज आमच्या चिठ्ठ्यांपेक्षा चौदाने अधिक भरली. चौदा पोती कुणाची? चिठ्ठी सापडेना. अखेर एका वृद्ध हमालाला आठवले की त्या दिवशी मिरजेकडच्या एका शेतकऱ्याचा माल सगळ्यांत शेवटी उतरला होता. त्याला फोन केला. त्याच्याकडे त्याची चिठ्ठी होती. त्याने वजन वाचून दाखवले आणि तोच आकडा आम्ही लिहिला. तो खरा होता, म्हणून आम्ही खोटे ठरण्यातून वाचलो. हमालाला आठवले नसते तर एका कष्टकऱ्याची चौदा पोती आमच्या वहीतून नाहीशी झाली असती. मापातोलात कमीअधिक करणे हा अचौर्याणुव्रताचा अतिचार आहे, हे आपण सारे जाणतो. माझ्या मनात तसे काही नव्हते. परंतु प्रमादाने घडलेले नुकसान ज्याचे होते, त्याला आपल्या मनातील हेतू दिसत नाही. आपल्या शास्त्राने हिंसेच्या व्याख्येतच प्रमादाला स्थान का दिले, ते मला त्या रात्री उमगले. एक नियम पाळण्याच्या घाईत मी दुसरा मोडला होता.

पुढे मी या यंत्राची थोडी माहिती करून घेतली. 1992 साली अ‍ॅपल कंपनीने पॉवरबुक ड्युओ नावाचा लहान लॅपटॉप काढला होता. त्याची गोदी मोठ्या पेटीसारखी होती. व्हिडिओ कॅसेट आत जावी तसा अख्खा लॅपटॉप मोटारीच्या साह्याने आत ओढला जाई. नंतरच्या काळात कार्यालयीन लॅपटॉपच्या तळाशी जोडणी असे. लॅपटॉप डॉकवर टक्कन बसे आणि खटका दाबल्यावर सुटे. तिथे हाताला थांबवणारे काहीतरी होते. 2014 साली यूएसबी-सी ही लहान, दोन्ही बाजूंनी बसणारी जोडणी आली आणि वीज, चित्र व माहिती एकाच केबलमधून वाहू लागली. सोय वाढली, पण मोटार गेली आणि खटकाही गेला. आता केबल केव्हाही ओढा, ती अडवत नाही. यंत्रातील पहारेकरी निघून गेला, त्याची जागा आपल्या विवेकाने घ्यायची आहे.

आमच्या दुकानात आता पाळला जाणारा क्रम सांगतो. सकाळी आधी डॉकची वीज सुरू करायची, मग केबल लॅपटॉपला लावायची. लगेच कामाला लागायचे नाही. दोन्ही पडदे उजळले का, चार्जिंगचे चिन्ह आले का, प्रिंटर आणि इंटरनेट दिसते का, एवढे पाहायचे. याला अर्धा मिनिट लागतो.

संध्याकाळी आधी हिशेबाचे काम जतन करून तो कार्यक्रम बंद करायचा. मग दिवसाची प्रत डिस्कवर घ्यायची. नंतर पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, घड्याळाजवळ, 'सेफली रिमूव्ह हार्डवेअर'चे लहान चिन्ह असते. ते दाबून डिस्क सोडवायची. काढायला हरकत नाही असा संदेश आला की मगच केबलला हात लावायचा. केबल तिच्या टोकाशी धरून सरळ काढायची, वायर ओढायची नाही. काही जण म्हणतील, आता याची गरज उरली नाही. 2018 च्या अखेरीस आलेल्या विंडोज 10 च्या आवृत्तीपासून बाहेरच्या डिस्कसाठी झटपट काढण्याची सोय मूळचीच ठेवलेली असते, हे खरे आहे. पण तिचा अर्थ इतकाच की संगणक लिहिण्याचे काम मागे राखून ठेवत नाही. लिहिणे चालू असताना डिस्क तुटली तर तिलाही इलाज नाही.

याहून मोठी सुधारणा म्हणजे चालू हिशेब आता लॅपटॉपच्या आतच राहतो. बाहेरच्या डिस्कवर फक्त त्याची प्रत जाते. जाणकार सांगतात की माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी. एक लॅपटॉपमध्ये, एक दुकानातील डिस्कवर आणि एक घरच्या कपाटात वा इंटरनेटवरील साठ्यात, एवढे कोणत्याही दुकानाला जमण्यासारखे आहे. जीएसटी कायद्यानुसार वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने हिशेब जपावा लागतो. सहा वर्षांत लॅपटॉप बदलतो, डॉक बदलतो, कधी दुकान सांभाळणारी पिढीही बदलते. वही मात्र टिकली पाहिजे.

विजेविषयी एक गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. वीज गेली तरी लॅपटॉप चालू राहतो, कारण त्याला स्वतःची बॅटरी असते. त्यामुळे आपण निर्धास्त असतो. पण डॉकला बॅटरी नसते. वीज जाताच तो मिटतो आणि त्याला जोडलेली डिस्क त्याच क्षणी तुटते. म्हणजे केबल ओढण्याची जी चूक मी केली, तीच चूक वीज आपल्या नकळत करते. म्हणून डॉक, मॉनिटर आणि इंटरनेटचा राऊटर यूपीएसवर घ्यावेत. सॉकेट तीन पिनांचे, अर्थिंग असलेले असावे.

नवा डॉक घेणाऱ्यांसाठी थोडे. लॅपटॉपचे पोर्ट यूएसबी-सी आकाराचे आहे, एवढ्यावर विसंबू नये. एकाच आकाराची सगळी पोर्ट चित्र वाहून नेत नाहीत. पोर्टजवळ विजेच्या बाणाचे किंवा डिस्प्ले पोर्टचे चिन्ह आहे का ते पाहावे, नसल्यास लॅपटॉपच्या माहितीपुस्तिकेत खात्री करावी. दुसरे म्हणजे वॉट. लॅपटॉपचा मूळ चार्जर 65 वॉटचा असेल तर डॉककडून लॅपटॉपला निदान तेवढी वीज मिळायला हवी. डॉकच्या खोक्यावरील मोठा आकडा पुष्कळदा त्याच्या अ‍ॅडॉप्टरचा असतो, त्यातील काही वीज डॉक स्वतःसाठी राखतो. तिसरे, दोन पडदे हवे असतील तर आपल्या लॅपटॉपवर ते चालतात का, हे दुकानदाराकडून प्रत्यक्ष लावून पाहावे. सर्वच लॅपटॉपना ते जमत नाही. स्वस्तात घेतलेला आणि कपाटात पडून राहिलेला डॉक हा व्यापारही नव्हे आणि अपरिग्रहही नव्हे.

डॉकवर लॅपटॉप दिवसभर विजेला लागलेला असतो. अशी बॅटरी कायम शंभर टक्के भरलेली आणि गरम राहिली तर लवकर थकते. आजकाल बऱ्याच लॅपटॉपमध्ये चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवण्याची सोय असते, ती वापरावी. झाकण मिटून मोठ्या पडद्यावर काम करायचे असेल तर 'झाकण मिटल्यास काहीही करू नये' ही निवड केवळ वीज जोडलेली असतानासाठी ठेवावी. बॅटरीवर असताना झाकण मिटले की त्याने झोपलेच पाहिजे. नाही तर तो पिशवीत जागाच राहतो आणि तापतो.

आणि चातुर्मासात एक विशेष काळजी घ्यावी. पावसाळ्यात मुंग्या व बारीक किडे उबेला आणि उजेडाला येतात. डॉकच्या जाळीत, कीबोर्डखाली, मॉनिटरच्या मागे ते आसरा घेतात. सकाळी वीज सुरू करण्यापूर्वी मऊ ब्रशने हलकेच झाडून घ्यावे. संध्याकाळी पडदे उजळलेले सोडून जाऊ नये. टेबलावर खाण्याचे कण सांडू देऊ नयेत. यात जीवदया आहे आणि यंत्राचे आयुष्यही.

आमच्या दुकानात आणखी एक बदल झाला. पूर्वी लॅपटॉप रोज घरी येई आणि त्याच्याबरोबर दुकानही घरी येई. सामायिकाला बसलो तरी कान फोनकडे असत. आता अष्टमी-चतुर्दशीला तो दुकानातच कुलपात राहतो. काही काळापुरती जागेची मर्यादा घालून घेणारे देशव्रत आपल्या परंपरेत आहे. आम्ही ती मर्यादा लॅपटॉपलाही घातली, एवढेच. त्या दिवशी घरातील मुले माझ्याशी अधिक बोलतात, असा माझा अनुभव आहे.

माझ्या रात्रिभोजनत्यागात खंड पडलेला नाही. फरक एवढाच की आता सूर्यास्ताच्या तासभर आधी मुनीम आठवण करतात आणि हिशेब मिटण्यास सुरुवात होते. उशीर झालाच तर मी लॅपटॉप दुकानात ठेवून निघतो किंवा त्या दिवशी फक्त पाण्यावर राहतो, पण केबल ओढत नाही. परवा संध्याकाळी अण्णा दुकानात आले होते. मी डिस्क सोडवली, संदेश वाचला, केबल काढली. ते शांतपणे पाहत होते. मग म्हणाले, "दोर सोडलास का रे?" मी म्हणालो, "हो अण्णा, सोडला." मग आम्ही दोघे मिळून घरी निघालो. ऊन अजून होते.