जुनी जीप आणि 'बघून घ्या'चे तत्त्वज्ञान

जुनी वस्तू घेताना घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवावेत, हा उपदेश आपल्याकडे इतक्या वेळा केला जातो की त्यामागे एक संपूर्ण तत्त्वज्ञान उभे आहे याचाही विसर पडावा. वस्तू निकामी निघाली तर दोष विकणाऱ्याचा नव्हे, घेणाऱ्याच्या डोळ्यांचा, असे हे तत्त्वज्ञान आहे. 1930 च्या वस्तुविक्री कायद्याच्या सोळाव्या कलमाने इंग्रज व्यापाऱ्यांचे हे सूत्र, काही अपवाद ठेवून, आपल्याकडे रूढ केले. स्वातंत्र्याला पाऊण शतक लोटल्यावरही ते आपल्या बाजाराचे पहिले वाक्य म्हणून टिकून आहे. तासगाव तालुक्यातील एखादे कुटुंब जुनी, चारही चाकांना ताकद देणारी जीपवजा गाडी घेते तेव्हा या सूत्राची परीक्षा होते. या परीक्षेत नापास होते ते कुटुंब नव्हे; सूत्रच नापास होते, असे आमचे म्हणणे आहे.

प्रथम एक आक्षेप दूर केला पाहिजे. समाजवादी साप्ताहिकाच्या पानांवर मोटारगाड्यांची चर्चा कशाला, असे काही मित्र विचारतील. त्यांनी पावसाळ्यात येळावी-निमणीकडील काळ्या रानातून, किंवा सावळज-डोंगरसोनीच्या बाजूच्या वाड्यावस्त्यांवरून एखाद्या बाळंतिणीला तासगावच्या दवाखान्यात आणून पाहावे. राज्य परिवहनाची पहिली गाडी 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली, तेव्हा गाव तेथे रस्ता आणि रस्ता तेथे एस.टी. हे सार्वजनिक स्वप्न होते. आज वस्तीवरच्या माणसाला मुक्कामाच्या गाडीची खात्री नाही आणि वडापच्या जीपमध्ये अर्धे अंग बाहेर काढून प्रवास करणे हा त्याचा नित्यक्रम झाला आहे. सार्वजनिक वाहतुकीने पाठ फिरवली की खासगी गाडी ही गरज होते. चारही चाकांना ताकद देणारी नवी गाडी घ्यायची तर दहा लाखांच्या पुढेच बोलावे लागते. मग दोन-तीन एकर द्राक्षबागेचा धनी पतसंस्थेचे कर्ज काढून, नव्या गाडीपेक्षा चढ्या व्याजाने, दहा-बारा वर्षे वापरलेली गाडी दारात आणतो. ही त्याची चैन नव्हे. राज्यसंस्थेने सोडून दिलेली जबाबदारी तो स्वतःच्या पैशाने पार पाडत असतो.

आता त्याला 'बघून घ्या' असे सांगण्यात येते. काय बघायचे? चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत साध्या गाडीहून अधिक यंत्रणा असते: ट्रान्स्फर केस, पुढचा डिफरन्शियल, पुढचा प्रोपेलर शाफ्ट, पुढच्या चाकांचे हब. चिखलात चाके थोडी घसरू शकतात, म्हणून पुढच्या आणि मागच्या आसांची ही जोडणी तेथे उपकारक ठरते. पण तीच जोडणी कोरड्या डांबरी रस्त्यावर चालू ठेवली तर वळणावर पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात. तो फरक कोठेच जिरत नाही आणि सारा ताण गिअरांवर पडतो. चार टायर सारख्या झिजेचे नसले तरी हेच घडते. पूर्वीच्या मालकाने गाडी अशी किती वळवली, हे बाहेरून कोण सांगणार? विकणारा मोठ्या अभिमानाने म्हणतो, 'फोर-बाय-फोर कधी टाकलेच नाही.' हे खोटे असेल तर यंत्रणा झिजलेली. खरे असेल तर वर्षानुवर्षे न फिरल्यामुळे जाम होण्याची आणि तेलाची सीले सुकण्याची भीती. दोन्ही बाजूंनी घेणाराच अडकतो.

यात सांगली जिल्ह्याची आणखी एक विशेष भर आहे. कृष्णेच्या पुराने 2005, 2019 आणि 2021 मध्ये सांगली शहर बुडाले. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट असताना पाणी 57 फुटांच्या वर गेले. अशा पुरात दिवसेंदिवस बुडून राहिलेल्या गाडीच्या गिअरबॉक्समध्ये आणि डिफरन्शियलमध्ये हवा येण्याजाण्याच्या नळीवाटे पाणी शिरते, तेलाचे दुधाळ पाणी होते, बेअरिंगांना गंज धरतो, विजेच्या जोडण्या आतून कुजतात. गाडी धुऊन, बैठका बदलून, अत्तर शिंपडून उभी केली की ती पुन्हा देखणी दिसते आणि सहा महिन्यांनी भर रस्त्यात उभी राहते. दुरुस्तीचा खर्च विम्याच्या ठरलेल्या किमतीच्या पंचाहत्तर टक्क्यांवर गेला की विमा कंपनी गाडी 'टोटल लॉस' मानते, मालकाला भरपाई देते आणि सांगाडा विकला जातो. तो सांगाडा दुरुस्त होऊन पुन्हा बाजारात येतो, तेव्हा त्याच्या आर.सी. पुस्तकावर पुराचा एक शब्दही नसतो. गाडी कायमची निकामी झाली तर चौदा दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवावे, असे 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे पंचावन्नावे कलम सांगते. परंतु 'दुरुस्त होऊ शकते' या एका पळवाटेतून ट्रक निघून जाऊ शकतो, तेथे जीपचे काय?

ज्यांना हा शेतकऱ्याच्या अज्ञानाचा प्रश्न वाटतो त्यांना आम्ही नम्रपणे एक आठवण करून देऊ इच्छितो. 'तास-ए-गणेश' हे द्राक्षाचे वाण याच तालुक्यात, थॉमसन सीडलेसच्या बागेतील एका वेगळ्या फुटव्यावर नजर ठेवून, बागायतदाराने निवडले. हजारो वेलींतून एका काडीचा वेगळेपणा ज्याला ओळखता येतो, त्याची दृष्टी अधू नाही. परंतु काडी उघड्यावर असते; डिफरन्शियल लोखंडी कवचात असतो. प्रश्न पाहण्याचा नाही, माहिती कोणाच्या हातात आहे याचा आहे.

अर्थशास्त्राला हे नवीन नाही. जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर लिहिलेला निबंध छापण्यास त्याआधी तीन नियतकालिकांनी नकार दिला होता. त्याच कामासाठी 2001 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. 1967-68 मध्ये ते दिल्लीच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत होते, आणि त्या निबंधात खेड्यातील सावकारी पतपुरवठ्याचाही दाखला आहे. त्यांचे म्हणणे साध्या हिशेबात असे मांडता येईल. समजा, चांगली जुनी जीप चार लाखांची आणि खराब जीप दोन लाखांची आहे. बाजारात दोन्ही निम्म्या-निम्म्या आहेत आणि घेणाऱ्याला फरक ओळखता येत नाही. तो शहाणपणाने तीन लाखच देऊ करील. तीन लाखांत चांगल्या जीपचा मालक विकायला येणार नाही. खराब जीपचा मालक मात्र धावत येईल. बाजारात खराब गाड्यांचे प्रमाण वाढेल, भाव आणखी पडेल, उरलेल्या बऱ्या गाड्याही निघून जातील. म्हणजे जेथे माहिती एकाच बाजूला आहे तेथे स्पर्धा चांगल्याला वर आणीत नाही, खाली दाबते. 'बाजार आपोआप शिस्त लावतो' असे सांगणाऱ्यांनी हा निबंध वाचलेला नाही, किंवा वाचून सोयीने बाजूला ठेवला आहे.

आणि सरकार तरी कोणत्या तोंडाने नागरिकाला सावधपणाचा धडा देते? जुन्या जीप घेताना फसलेला सर्वांत मोठा ग्राहक खुद्द भारत सरकार आहे. 1948 मध्ये काश्मीरच्या लढाईसाठी, लंडनमधील उच्चायुक्त कृष्ण मेनन यांच्यामार्फत, दुरुस्त केलेल्या दोन हजार जुन्या जीपांची मागणी एका अपरिचित कंपनीकडे नोंदवली गेली. पुरेशी तपासणी न होताच मोठी रक्कम आगाऊ दिली गेली. आल्या त्या 155 जीपा, आणि त्याही लष्कराच्या कामाच्या नाहीत असे ठरले. 1955 मध्ये गृहमंत्री गोविंद वल्लभ पंत यांनी सरकारपुरते प्रकरण मिटल्याचे जाहीर केले, आणि मेनन पुढे केंद्रीय मंत्रिमंडळात गेले. तज्ज्ञ, लेखापाल, वकील आणि वकिलात हाताशी असलेल्या सरकारला जे जमले नाही, ते सावळजच्या शेतकऱ्याने शनिवारी दुपारी एक फेरी मारून आणि बॉनेट उघडून करावे, अशी अपेक्षा आहे! शिवाय सरकारची चूक तिजोरीने सोसली. शेतकऱ्याची चूक त्याच्या बागेने सोसावी लागते.

आमच्याकडे कायदा नाही असे नाही. तो कोठे उभा आहे ते पाहा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. या काळात प्रदूषणाच्या दाखल्यापलीकडे तिच्या ब्रेकची, स्टिअरिंगची, सांगाड्याची सक्तीची तपासणी कोणी करीत नाही. पंधरा वर्षांनंतर फेरनोंदणीचे शुल्क मात्र 2022 मध्ये सहाशेवरून पाच हजारांवर नेण्यात आले, आणि वीस वर्षांवरील गाडीसाठी 2025 मध्ये ते दहा हजार झाले. जुनी गाडी विकणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याच्या नफ्यावर जानेवारी 2025 पासून सरसकट अठरा टक्के वस्तू व सेवा कर आहे. सरकारला जुन्या गाडीत आपला वाटा अचूक दिसतो. तिच्यातला दोष दिसत नाही. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा जुनी वस्तू नवी म्हणून विकणे ही अनुचित व्यापारी प्रथा मानतो, हे योग्यच आहे. परंतु आमच्या तालुक्यात जुनी जीप नवी म्हणून कोणी विकत नाही; बुडालेली जीप 'डॉक्टरांची, एक हाती, घरगुती वापराची' म्हणून विकली जाते. तक्रार करावी तर ऑटो कन्सल्टंट म्हणतो, 'मी केवळ मध्यस्थ, मालकाला विचारा.' आणि मालक म्हणतो, 'मी व्यापारी नव्हे.'

या लपंडावाला आळा घालण्यासाठी केंद्राने डिसेंबर 2022 मध्ये नियम केले आणि ते 1 एप्रिल 2023 पासून लागू झाले. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने परिवहन कार्यालयाचे अधिकारपत्र घ्यावे, गाडी ताब्यात येताच तिची माहिती कळवावी, आणि ती त्याच्याकडे असेपर्यंत तोच मालक मानला जावा, असे ते नियम आहेत. हे चांगले पाऊल आहे. परंतु सही केलेला कोरा टी.टी. फॉर्म खिशात ठेवून तीन हात बदलणारी गाडी अजून नाहीशी झालेली नाही. त्याची किंमत विकणाऱ्यालाही मोजावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केले की गाडी चार जणांकडे फिरली तरी नोंदणी ज्याच्या नावावर आहे, अपघाताच्या भरपाईचा भार त्याच्यावरच येतो. म्हणजे मधल्या दलालाचा हात कोरडा, आणि दोन टोकांची दोन कुटुंबे ओली.

येथे 'इन्स्पेक्टर राज'चा बागुलबुवा उभा केला जाईल. तपासणी आली की चिरीमिरी आली, असे म्हटले जाईल. ही भीती निराधार नाही. पण आमची मागणी परवानगीच्या कागदाची नसून माहिती उघडी करण्याची आहे. भांडवलशाहीचे माहेर असलेल्या ब्रिटनमध्ये खासगी गाडीची तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी तपासणी होते, आणि गाडीचा क्रमांक टाकला की मागील तपासण्यांतले किलोमीटर व दोष कोणालाही पाहता येतात. अमेरिकेने किलोमीटरच्या काट्याशी खेळ करण्याला 1972 च्या संघराज्य कायद्याने गुन्हा ठरवले, आणि 1984 च्या नियमाने जुनी गाडी हमीसह आहे की 'जशी आहे तशी', हे तिच्या काचेवर चिकटवणे व्यापाऱ्याला भाग पाडले. तेथील भांडवलदार संत नाहीत. पण माहितीवाचून बाजार सडतो एवढे त्यांना कळले आहे.

शहरांत आता तपासून, हमी देऊन जुन्या गाड्या विकणाऱ्या मोठ्या कंपन्या आल्या आहेत. त्यांच्याकडे बोट दाखवून प्रश्न सुटल्याचे सांगितले जाते. परंतु तेथे खात्री ही विकत घेण्याची वस्तू झाली. ज्याला परवडते त्याला सत्य, ज्याला परवडत नाही त्याला नशीब, ही विभागणी आम्हाला मान्य नाही.

म्हणून मागण्या मोजक्या आहेत. प्रदूषण दाखला आणि विमा यांच्या प्रत्येक नूतनीकरणाच्या वेळी गाडीचे किलोमीटर नोंदवावेत आणि ती नोंद क्रमांकावरून सर्वांना पाहता यावी. विमा कंपनीने पुरामुळे वा अपघातामुळे 'टोटल लॉस' ठरवलेल्या प्रत्येक गाडीचा शेरा नोंदणीवर कायमचा राहावा. मालकी बदलताना यांत्रिक तपासणी सक्तीची असावी, आणि ती अल्प शुल्कात एस.टी.च्या कार्यशाळांत व औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत व्हावी, त्यामुळे एस.टी.ला उत्पन्न आणि मुलांना हातचे शिक्षण मिळेल. अधिकारपत्राशिवाय व्यापार करणाऱ्यावर कारवाई व्हावी, आणि विक्रीनंतर तीन महिन्यांत उघड झालेला दोष आधी नव्हता हे सिद्ध करण्याचा भार व्यापाऱ्यावर असावा. या सर्वांआधी, वस्तीवरची एस.टी. परत यावी, म्हणजे ज्याला गाडी नको आहे त्याला ती घ्यावी लागणार नाही.

तासगावचा शेतकरी आपला बेदाणा सौद्यात मांडतो तेव्हा बॉक्स उघडला जातो, नमुना हातावर घेतला जातो, रंग आणि लांबी पाहून चारचौघांत बोली लागते. त्याचा माल उघडा, आणि त्याच पैशाने त्याने घ्यायची गाडी मात्र झाकलेली. द्राक्षाचा दलाल पैसे बुडवून पळाला तर 'माणूस पारखायला हवा होता' आणि गाडी बंद पडली तर 'गाडी पारखायला हवी होती', असे त्याने किती दिवस ऐकायचे? विकताना आणि घेताना दोन्ही वेळी ज्याला अंधारात उभे केले जाते, त्याला आणखी सावध राहा असे सांगणे ही क्रूर थट्टा आहे. 1942 च्या सप्टेंबरात याच गावातील मामलेदार कचेरीवर लोक तिरंगा घेऊन गेले होते. आज सांगलीच्या परिवहन कार्यालयावर तालुक्यातील शेतकरी, वडाप चालक आणि एस.टी. कामगार यांनी मिळून एक साधे निवेदन घेऊन जावे: गाडीचा इतिहास उघडा करा. पक्षाच्या तालुका शाखेने ते काम हाती घ्यावे, ही अपेक्षा.