पहाटे पाचची पावती

कापसाच्या हंगामात दिग्रसला जिनिंगच्या फाटकाशी गाड्या उजाडायच्या आधीच लागतात. तिथल्या एका तरुण प्रोग्रॅमरनं आवक नोंदवायचं छोटं वेब ॲप केलं. लॅपटॉपवर सगळ्या टेस्ट हिरव्या. सर्व्हरवर चढवलं, आणि पहाटे पाचला आलेल्या गाडीच्या पावतीवर कालची तारीख.

कोड तोच होता. टाइमझोन सांगणारं टीझेड हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल कुठंच लिहिलेलं नव्हतं, म्हणून दोन्ही मशीननी आपापली वेळ धरली. लॅपटॉप भारतीय वेळेवर, सर्व्हर युटीसीवर, म्हणजे साडेपाच तास मागं. दिग्रसला पहाट झाली तेव्हा तिकडं आदल्या रात्रीचे साडेअकरा वाजले होते. टेस्ट हिरव्या होत्या त्या लॅपटॉपच्या उधारीवर.

ही उधारी जुनी आहे. १९७९च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीपासून प्रत्येक प्रोसेसला जन्मदात्या प्रोसेसच्या अशा व्हेरिएबलांची प्रत मिळते. सकाळी टर्मिनलमध्ये काही एक्स्पोर्ट करून विसरलात, तर संध्याकाळी त्याच खिडकीतून चालवलेल्या टेस्टनाही ते मिळतं.

टेस्टनं आपली शिदोरी आपणच आणावी. पायटेस्टमध्ये मंकीपॅचनं व्हेरिएबल बसवलं की टेस्ट संपताच मूळ किंमत परत येते. टीझेडचं मात्र तेवढ्यावर भागत नाही, टीझेडसेटही बोलवावं लागतं. नोडमध्ये वेगळीच गंमत: व्हेरिएबलला अनडिफाइन्ड दिलं तर ते पुसलं जात नाही, ‘अनडिफाइन्ड’ हा शब्दच किंमत म्हणून बसतो. तिथं डिलीटच हवं. आणि किंमत शेवटी अक्षरंच असल्यामुळं ‘फॉल्स’ लिहिलेलं व्हेरिएबल थेट इफमध्ये घातलं तर खरं ठरतं. यात नवखेच फसतात असं नाही.

माझा खरा राग डीफॉल्टवर आहे. ‘पत्ता मिळाला नाही तर हा वापर’ म्हणून खऱ्या डेटाबेसचा पत्ता कोडमध्ये लिहून ठेवायचा, ही सोय कुणाची? मी पाहिलेल्या एका कामात टेस्टच्या शेवटी टेबल रिकामं करणारी ओळ होती. एका मशीनवर व्हेरिएबल भरायचं राहिलं. मग नोंदी कागदी वहीवरून पुन्हा भरत बसलो. व्हेरिएबल नसेल तर ॲपनं सुरूच होऊ नये, आणि ते खरंच अडतं का याचीही टेस्ट असावी.

दिग्रसच्या पोरानं आता घड्याळ पहाटे पाचवर गोठवून सगळ्या टेस्ट दोन्ही टाइमझोनमध्ये चालवल्या. लगेच आणखी एक लाल झाली. कापसाचं वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, आणि त्या पहाटेची पहिली गाडी ॲपनं गेल्या हंगामात टाकली होती.