प्रवाळ बघायला मे महिन्यात नको!

"डॉक्टर, 20 मेला अंदमानला निघतोय. बाबांना स्नॉर्केलिंग चालेल ना?"

बाबा 62 वर्षांचे. रक्तदाबासाठी दोन गोळ्या, त्यातली एक लघवी वाढवणारी. पोहणं लहानपणी विहिरीत शिकलेलं, त्यानंतर फारसं नाही. मी विचारलं, "मे महिनाच का?" उत्तर ठरलेलं होतं, "मुलांना सुट्टी तेव्हाच ना!"

दरवर्षी मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास आपण बातमी वाचतो, 'मान्सून अंदमानात दाखल'. उकाड्याने हैराण झालेले आपण ती वाचून खूश होतो आणि नेमकी त्याच आठवड्याची तिथली तिकिटं काढतो!

माझं मत स्पष्ट आहे. स्नॉर्केलिंगची तारीख शाळेच्या कॅलेंडरवरून किंवा स्वस्त पॅकेजवरून ठरवू नका. समुद्र शांत असेल तेव्हाच जा. यात फोटो चांगले येण्याचा प्रश्न दुय्यम आहे. मुख्य प्रश्न तुमच्या हृदयाचा आणि श्वासाचा आहे.

पाण्यात शरीराचं काय होतं?

पाण्यात उतरलं की पाण्याच्या दाबामुळे पायांतलं बरंचसं रक्त छातीकडे सरकतं आणि हृदयावरचा भार वाढतो. शरीराला वाटतं, रक्त जास्त झालंय, म्हणून मूत्रपिंडं जास्त लघवी तयार करतात. उन्हाळ्यात आधीच घाम गेलेला असतो. पाण्यात असताना तहान आणि ऊन दोन्ही जाणवत नाहीत. त्यात लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर बाहेर आल्यावर चक्कर येणं, पायात गोळे येणं, रक्तदाब उतरणं सहज होऊ शकतं.

स्नॉर्केलच्या नळीतून श्वास घेताना नेहमीपेक्षा जास्त जोर लागतो. समुद्र शांत असेल तर हे जाणवतही नाही. लाटा असतील तर नळीत पाणी शिरतं, ठसका लागतो, माणूस घाबरतो, हातपाय मारायला लागतो. धाप आणखी वाढते. निरोगी तरुण यातून सावरतो. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत अडथळे असलेला माणूस सावरेलच असं नाही. स्नॉर्केलिंग करताना होणाऱ्या मृत्यूंमध्ये मध्यमवयीन आणि ज्येष्ठ पुरुष बरेच असतात, आणि अनेकांना हृदयविकार असतो.

मग कधी जावं?

अंदमानसाठी जानेवारी ते मार्च हा काळ मला सर्वांत योग्य वाटतो. पाऊस कमी, समुद्र शांत आणि पाणी तरीही कोमट. दिवाळीच्या सुट्टीत तिथे परतीचा पाऊस आणि बंगालच्या उपसागरातली वादळं यांचा धोका असतो. डिसेंबर 2016 मध्ये अशाच खराब हवामानात हॅवलॉकवर, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपावर, शेकडो पर्यटक अडकले होते. म्हणून कधीही गेलात तरी रोजच्या गोळ्या चार-पाच दिवस पुरतील इतक्या जास्तीच्या न्या, आणि त्या हातातल्या बॅगेत ठेवा.

इतक्या लांब जायचं नसेल तर आपलं मालवण आहेच. तिथेही प्रवाळ आहेत. पावसाळ्यात नद्यांमधून आलेला गाळ बसायला वेळ लागतो, त्यामुळे नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत पाणी त्यातल्या त्यात स्वच्छ असतं. सकाळी लवकर उतरा, दुपारनंतर वारा वाढतो. मे महिन्यात अरबी समुद्राचाही भरवसा नसतो. मे 2021 मधलं तौक्ते वादळ कोकण विसरलेलं नाही. पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर जगणारे आपले कोळी बांधव नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ठेवतात. आपण चार दिवसांचे पाहुणे, आपण त्यांच्यापेक्षा धीट कशाला व्हायचं?

आणखी एक कारण प्रवाळांचं. त्यांनाही 'ताप' येतो. समुद्राचं तापमान नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा जेमतेम एक अंशाने वाढून काही आठवडे तसंच राहिलं, तर ते पांढरे पडायला लागतात. 2010 च्या उन्हाळ्यात अंदमानात हे मोठ्या प्रमाणावर झालं. आजारी माणसाला आपण गर्दीने भेटायला जात नाही. इथेही तेच पाळूया. क्रीम थापण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट घाला. पाठ भाजणार नाही आणि प्रवाळांनाही त्रास होणार नाही.

जाण्याआधी

- रक्तदाब, मधुमेह, दमा, फिट्स किंवा हृदयविकार असेल तर महिनाभर आधी डॉक्टरांना भेटा. आदल्या दिवशी फोन करून विचारू नका. मनाने गोळ्या बंदही करू नका.
- दोन मजले चढताना धाप लागत असेल किंवा छातीत दुखत असेल, तर आधी तपासणी, मग तिकीट.
- सर्दी-खोकला असेल तर त्या दिवशी पाण्यात उतरू नका.
- बोट लागू नये म्हणून घेतलेल्या गोळीने झोप येत असेल, तर पोहणं टाळा.
- आधी उभं राहता येईल इतक्या पाण्यात नळीतून श्वास घेण्याचा सराव करा. लाइफ जॅकेट आणि सोबत माणूस, दोन्ही हवंच.
- धाप लागली तर नळी तोंडातून काढा, पाठीवर तरंगा, हात वर करून मदत मागा आणि लगेच बाहेर या. 'थोड्या वेळात बरं वाटेल' म्हणून पाण्यात थांबू नका.

त्या बाबांचं काय झालं? मी ईसीजी आणि स्ट्रेस टेस्ट करायला सांगितली आणि सहल फेब्रुवारीत न्या म्हटलं. मुलगी थोडी नाराज झाली. तिकिटाचे काही पैसे बुडणार होते, नातवंडांची चार दिवस शाळाही बुडणार होती. मी म्हटलं, शाळेचे चार दिवस भरून काढता येतात.

काळजी घ्या, आणि समुद्र शांत असेल तेव्हाच भेटीला जा.