भैरवी केव्हा घ्यावी?

रंगलेल्या मैफलीत गायकाने भैरवी सुरू केली की ऐकणाऱ्याच्या मनात एक बारीकशी कळ उठते. आणखी थोडे व्हायला हवे होते असे वाटत असतानाच तंबोरे खाली ठेवले जातात, आणि ते ‘आणखी थोडे’ मनात घेऊन माणसे घरी जातात. संगीत नाटकाला भरतवाक्य असते, कीर्तनाला शेवटची आरती असते, दहा दिवस घर भरून टाकणाऱ्या गणपतीलाही विसर्जन असते. निरोप केव्हा आणि कसा घ्यावा, याचे शहाणपण आपल्याकडे चांगले मुरलेले आहे. त्याला अपवाद ठरली ती दिवाणखान्यातली रोजची मालिका. तिला सुरुवात असते, मध्य असतो, मग पुन्हा मध्य असतो. शेवट मात्र तिच्या कुंडलीतच लिहिलेला नसतो.

‘तारक मेहता का उल्टा चष्मा’ हे या अमरत्वाचे सर्वांत ठळक उदाहरण. २८ जुलै २००८ रोजी सब वाहिनीवर ती सुरू झाली. २०२५ मध्ये तिने सतरा वर्षे पुरी केली, तोवर भागांची संख्या चार हजारांच्या पुढे गेली होती. एक भाग वीस मिनिटांचा धरला तरी हे तेराशे तासांहून अधिक होतात. म्हणजे झोप आणि जेवणखाण सोडून कोणी सगळी मालिका सलग पाहायला बसला, तर तो पंचावन्न दिवसांनी उठेल! विक्रम म्हणून हे आकडे थक्क करणारे आहेत. परंतु लांबी हा काही गोष्टीचा गुण नव्हे. ही मालिका आधीच थांबायला हवी होती का, हा प्रश्न म्हणूनच विचारावासा वाटतो. आणि तो तिच्याविषयीच्या आकसापोटी नव्हे, आपुलकीपोटी.

कारण ही मालिका खरोखरच चांगली होती. ती आली तेव्हा हिंदी वाहिन्यांवर जरीच्या साड्या नेसून कट शिजवणाऱ्या सासवासुनांचे राज्य होते. त्या गदारोळात गोरेगावातल्या एका काल्पनिक सोसायटीतली साधी माणसे हळूच येऊन बसली. विजेच्या वस्तूंचे दुकान चालवणारा आणि रोज नव्या घोळात सापडणारा जेठालाल, आनंद झाला की गरब्याचा फेर धरणारी त्याची दया, धोतर-टोपीतले चंपकलाल बापूजी. दिलीप जोशी यांच्या बापाचे काम करणारे अमित भट्ट वयाने त्यांच्यापेक्षा लहान आहेत, हे ऐकून अनेकांना धक्का बसतो. इतके ते नाते पडद्यावर खरे वाटते. शेजारी तमिळ अय्यर, पंजाबी सोढी, बंगाली बबिता. आणि रात्री अब्दुलच्या दुकानासमोर सोडा पीत रंगणाऱ्या गप्पा. आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांना एकत्र बसून, कोणालाही मान खाली घालावी न लागता पाहता येईल असे काहीतरी त्या दिवसांत दुर्मीळ झाले होते.

मराठी घरांना या सोसायटीत खास आमंत्रण होते ते भिडे मास्तरांमुळे. शिकवण्या घेणारा, पै-पैचा हिशेब ठेवणारा, ‘सखाराम’ नावाच्या स्कूटरवर जिवापाड प्रेम करणारा आणि ‘गोकुलधामचा एकमेव सेक्रेटरी’ म्हणून छाती फुगवणारा हा आत्माराम भिडे. मंदार चांदवडकर यांनी तो असा उभा केला की प्रत्येकाला आपल्या इमारतीतले कोणी ना कोणी आठवले. सोनालिका जोशी यांची लोणची-पापड विकणारी माधवी ही त्याला साजेशी जोडी. मराठी मध्यमवर्गाच्या काटकसरीची इथे थट्टा होती, पण तिच्यात विखार नव्हता. हिंदी पडद्यावर मराठी माणूस म्हणजे हवालदार नाहीतर मोलकरीण, या जुन्या खोडीला हे चांगले उत्तर होते.

मग बिनसले कुठे? ज्यांच्या गुजराती लेखनावर ही मालिका बेतलेली आहे ते तारक मेहता १ मार्च २०१७ रोजी गेले. त्याच वर्षी टप्पूचे काम करणारा भव्य गांधी बाहेर पडला. सप्टेंबरपासून दिशा वकानी बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि त्यांची दया पुन्हा गोकुलधाममध्ये आली नाही. जुलै २०१८ मध्ये डॉक्टर हाथी रंगवणारे कवी कुमार आझाद यांचे निधन झाले. ऑक्टोबर २०२१ मध्ये नट्टूकाकांच्या भूमिकेतले घनश्याम नायक गेले. २०२२ मध्ये शैलेश लोढा निघाले, म्हणजे ज्याच्या चष्म्यातून आपण ही दुनिया पाहत होतो तो निवेदकच बदलला. टप्पू तिसरा आला, सोनू चौथी आली.

माणसे जातात, हा कोणाचा दोष नव्हे. नाटकवाल्यांना बदली नट नवा नाही. खटकते ते वेगळे. दया अहमदाबादला माहेरी गेली आहे, एवढ्या एका वाक्यावर मालिका वर्षानुवर्षे रेटण्यात आली. ती येणार, आता नक्की येणार, अशी हूल अनेकदा उठवली गेली. सोसायटीत स्वागताची तयारी व्हायची आणि ऐनवेळी काही निमित्त निघायचे. ज्या घरातली बाई इतकी वर्षे परतत नाही त्या घरात खरे तर काय चालले असेल? नवरा आतून मोडेल, मुलगा अबोल होईल, म्हातारा सासरा काळजीने खंगेल. इथे मात्र जेठालाल एखाद्या भागात हळवा होतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच्या फजितीवर हशा पिकतो. विनोद अतिशयोक्तीवर जगतो, खोटेपणावर नाही. हसता हसता प्रेक्षकाच्या मनात ‘असे कसे होईल?’ हा प्रश्न उभा राहिला की विनोदाचा पाया खचलाच म्हणून समजावे.

पोपटलालचे पाहा. छत्री घेऊन हिंडणारा हा पत्रकार लग्नासाठी उतावीळ आहे. सुरुवातीला त्याच्या फसलेल्या स्थळांनी आपण पोट धरून हसलो. पण स्थळ येणार, सोसायटी नाचणार, शेवटच्या क्षणी काहीतरी मोडणार, हे किती वेळा? विसाव्या खेपेला ती थट्टा राहत नाही, त्या बिचाऱ्याचा छळ होतो. त्याचे लग्न लावायचे नाही, कारण लावले तर विनोद संपेल; आणि विनोद तर केव्हाच संपलेला! शेवटाला भ्यालेली मालिका आपल्या पात्रांना अशी कोंडून ठेवते. त्यांना मोठे होता येत नाही, शहाणे होता येत नाही, सुखीही होता येत नाही.

यात लेखकांनाच धारेवर धरणे अन्यायाचे ठरेल. दूरदर्शनच्या काळात मालिकेला तेरा भागांच्या पटीत मंजुरी मिळे. ‘हम लोग’ १९८४-८५ मध्ये दीडशेच्या वर भागांत संपली. ‘महाभारत’ ९४ भागांत आटोपले. ‘रामायणा’चे आधी ठरलेले ५२ भाग वाढून ७८ झाले, आणि पुढे लव-कुशांची कथाही दाखवावी म्हणून १९८८ मध्ये उत्तरेत सफाई कामगारांनी संपसुद्धा केला. ‘आणखी हवे’ हा प्रेक्षकांचा आग्रह तेव्हाही होता. परंतु गोष्टीला स्वतःचा शेवट होता. खासगी वाहिन्या आल्या, मालिका रोजची झाली आणि गणित बदलले. वाहिनीच्या दृष्टीने मालिका ही गोष्ट नसून संध्याकाळची एक वेळ असते, तिथे जाहिराती लागतात. बसलेली घडी मोडून नवे काही आणणे हा जुगार. सेट उभा आहे, चेहरे ओळखीचे आहेत, टीआरपी येतो आहे, तोवर पाणी घालत राहायचे. शेवट कधी, हे लेखणी ठरवत नाही, आकडा ठरवतो.

मराठीही याला अपवाद नाही. ई टीव्ही मराठीवरची ‘चार दिवस सासूचे’ २००१ मध्ये सुरू झाली आणि तीन हजारांहून अधिक भाग करून २०१३ मध्ये थांबली. रोहिणी हट्टंगडींसारखी थोर अभिनेत्री त्यात होती हे खरे. पण सासूचे ते चार दिवस अकरा वर्षे पुरले! याउलट त्याच २००१ मध्ये सुरू झालेले ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ आठवावेत. आठवड्यातून एकदा भेटणारे, दिलीप प्रभावळकरांच्या ‘अनुदिनी’तून निघालेले हे कुटुंब चार-एक वर्षांत निरोप घेऊन गेले. लोकांना ते अजून हवे होते, आणि म्हणूनच आजही टिपरे आजोबांचे नाव निघाले की माणसे प्रेमाने बोलतात.

यावर आक्षेप येतील, आणि त्यांत तथ्यही आहे. खुद्द तारक मेहतांचे सदर ‘चित्रलेखा’ साप्ताहिकात १९७१ पासून दशकानुदशके चालले. मग मालिकेनेच का थांबावे? पण ते सदर एका माणसाच्या लेखणीतून उतरत होते. तो माणूस जगत होता, वय वाढत होते, भोवतालचे शहर बदलत होते आणि ते सगळे कागदावर येत होते. शिवाय ते आठवड्यातून एकदा. विहिरीला पाझर असतो, पण रात्रंदिवस मोट चालू ठेवली तर तळच लागतो.

दुसरा आक्षेप पोटापाण्याचा. मालिका बंद पडली की रंगभूषाकारापासून स्पॉटबॉयपर्यंत कितीतरी चुली विझतात. ही चिंता खरी आहे. परंतु एक मालिका संपते त्या जागी दुसरी उभी राहते, तिलाही हेच हात लागतात. उलट एकाच मालिकेने जागा अडवून धरली की नव्या लेखकाला, नव्या नटाला दार उघडत नाही. २००८ मध्ये सब वाहिनीने एका नव्या कल्पनेला जागा दिली म्हणून तर गोकुलधाम वसले!

तिसरा आक्षेप सर्वांत हळवा आहे. मुले परगावी, गुडघे दुखतात, संध्याकाळ खायला उठते, अशा कितीतरी आजी-आजोबांना ही मालिका म्हणजे सोबत आहे. गोष्ट चांगली आहे की वाईट, हा त्यांचा प्रश्नच नाही. ठरलेल्या वेळी ओळखीचे चेहरे घरात येतात, हे त्यांना पुरते. या सोबतीची किंमत कमी लेखण्याचे पाप कोणी करू नये. मात्र सोबतीला आलेल्याने प्रामाणिक असावे, एवढी अपेक्षा रास्त आहे. दया येणार म्हणून रात्री साडेआठला डोळे लावून बसलेल्या म्हातारीला पुन्हा पुन्हा फसवणे ही काही सोबत नव्हे.

आणि गंमत अशी की संपलेली मालिका कुठे जात नाही. २०२० मध्ये टाळेबंदीत दूरदर्शनने ‘रामायण’ आणि ‘महाभारत’ पुन्हा दाखवले तेव्हा तीस वर्षांपूर्वीच्या त्या मालिकांपुढे सारा देश बसला. गोकुलधामचेही तेच आहे. घराघरांत जेवणाच्या ताटासमोर मुले जे भाग लावून बसतात ते बहुधा जुने असतात, ज्यांत दया आहे, छोटा टप्पू आहे, नट्टूकाका आहेत. म्हणजे निर्मात्यांनी जो शेवट केला नाही तो प्रेक्षकांनी आपापल्या घरी करून टाकला आहे.

थांबलेल्यांनाही आता थांबू दिले जात नाही, हा नवाच प्रकार. ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ २००८ मध्ये संपली आणि २०२५ मध्ये पुन्हा अवतरली. शिवाजी साटम यांच्या एसीपी प्रद्युम्नची ‘सीआयडी’ वीस वर्षे चालून २०१८ मध्ये थांबली, ती डिसेंबर २०२४ मध्ये परतली. नव्याची भीती आणि जुन्याची आठवण यांचा हा व्यापार आहे, आणि त्याला गिऱ्हाईक आपणच आहोत.

आमच्या मते ‘तारक मेहता’ची योग्य वेळ होती २०१८ चा जुलै महिना. दहा वर्षे पुरी झाली होती, टप्पूसेना मोठी झाली होती, मूळ लेखक निवर्तले होते. आणि शेवट तर पहिल्यापासून हाताशी होता. पोपटलालचे लग्न! गोकुलधामच्या अंगणात मांडव, भिडे मास्तरांच्या हातात खर्चाची वही, माधवीची लोणची, बापूजींचा आशीर्वाद, आणि एका दिवसापुरती का होईना, माहेराहून आलेली दया. डोळे पुसत आपण सगळे त्या पंगतीतून उठलो असतो. एखाद्या मालिकेने प्रेक्षकाला याहून अधिक काय द्यावे?

ती पंगत बसलीच नाही. नव्या मालिकेचा मुहूर्त करणाऱ्या निर्मात्यांनी आणि वाहिन्यांनी यातून एवढे जरी घेतले, की पहिला भाग लिहिण्याआधी शेवटचा भाग मनाशी ठरलेला असावा, तरी पुष्कळ झाले. उरलेले काम आपले आहे. टीआरपीचा आकडा शेवटी आपल्याच दिवाणखान्यांतून जमा होतो. ज्या मालिकेचे आपल्यापुरते भरतवाक्य होऊन गेले आहे ती केवळ सवयीने चालू ठेवायची नाही, इतके जरी आपण ठरवले तरी तिथल्या माणसांना सुटल्यासारखे वाटेल, आणि घरात जेवताना कदाचित एकमेकांशी बोलायलाही वेळ मिळेल.